न धरलेलं ताट

माझ्या लॅबमध्ये ती एक्सेल शीट अजून फिरते. कुणी सुट्टीवर निघालं की मेसेज येतो, 'ती तुझी रिसॉर्टच्या जेवणाची शीट पाठव ना.' मी पाठवते. शीट चांगली आहे. माणसं किती, दिवस किती, जवळचं दुसरं हॉटेल किती लांब, कोण साधारण किती खातं, एवढं भरलं की सगळ्या जेवणांचे पैसे आधीच भरावेत की नुसती खोली घ्यावी, हे ती सांगते. ज्यांनी वापरली त्यांच्यापैकी कुणाचंही आजवर नुकसान झालेलं नाही.

ती मी बाबांसाठी बनवली होती.

बाबांनी एकतीस वर्षं एका कॉलेज हॉस्टेलची मेस चालवली. रोज संध्याकाळी पाच वाजता ते हजेरीपट घेऊन बसायचे आणि दुसऱ्या दिवशी कोण जेवायला आहे त्याच्या नावापुढे टिंब द्यायचे. याला ते 'ताट धरणं' म्हणत. टिंब असेल तर तुमचं ताट धरलेलं आहे, मग तुम्ही या किंवा येऊ नका. टिंब नसेल तर प्राचार्य आले तरी ताट नाही. हॉस्टेल सोडून गेलेल्याच्या नावावर आडवी रेघ मारायची, आणि एकदा रेघ मारली की त्याच ओळीत नाव परत चढवायचं नाही, नाहीतर मोजणी चुकते. मी अन्नतपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला लागले आणि चार दशांशांपर्यंत वजन करू लागले, तेव्हा ते आईला म्हणाले, "घे. मेसमधला काटा आता घरात जन्माला आला." तेव्हापासून मी काटा.

आजाराचं नाव लांबलचक आहे आणि त्यावर औषध नाही. मेंदूचे निरोप स्नायूंपर्यंत पोहोचत नाहीत, आणि निरोप न मिळालेला स्नायू वाळत जातो. कुणाची सुरुवात हातापासून होते, बाबांची घशापासून झाली. पाणी सगळ्यात वाईट, कारण ते पटकन वाहतं आणि श्वासनलिकेत शिरतं. म्हणून पाण्यातही ते घट्ट करणारी पावडर घालायची. अर्धा चमचा तोंडात घ्यायचा, हनुवटी छातीला टेकवायची, दोनदा गिळायचं, मग पुढचा अर्धा चमचा. एक वाटी कुस्करलेला बटाटा संपायला पन्नास मिनिटं लागायची. बोलणंही जड झालं होतं. एका वाक्यात चार-पाच शब्दच मावायचे.

डॉक्टर बाईंनी सांगितलं की पोटात नळी बसवायची वेळ आली आहे. पोटाला छोटं भोक पाडतात, आणि अन्न घशाला न विचारता थेट आत जातं.

"तुमची श्वासाची ताकद आज अठ्ठावन्न टक्के आहे," त्या म्हणाल्या. "पन्नासच्या खाली गेली की मी हात लावणार नाही. टेबलावरच काही झालं तर? तेव्हा तीन आठवड्यांत ठरवा."

"ठरलं," बाबा म्हणाले. "लावू. पण आधी जेवायला जायचं."

"कुठे?" मी विचारलं.

"कुठेही. जिथे मी वाढणार नाही. चार दिवस. सगळी जेवणं धरलेली."

आई हसली आणि लगेच रडली. कारण बाबांना बसून जेवताना तिनेही फार पाहिलेलं नव्हतं. पोरांचं उरकलं की तीन वाजता ते ओट्याला टेकून, पातेल्याच्या झाकणातच वाढून घेऊन जेवत. "स्वतःच्या लग्नात बसले होते," आई म्हणते, "पण सगळं लक्ष वाढप्यांवर. माझ्याकडे बघितलंच नाही."

मी कामाला लागले. तळ्याकाठचं एक रिसॉर्ट सापडलं. दवाखाना पाऊण तासावर, खोलीत किटली आणि छोटा फ्रीज, बाथरूममध्ये धरायला दांड्या. जेवणाचं पॅकेज माणशी होतं आणि स्वस्त नव्हतं. मग मी नऊ दिवस बाबांची वाटी जेवणाआधी आणि जेवणानंतर वजन केली.

"बापाला मोजतेस?" आई म्हणाली.

"बाबांना नाही, वाटीला."

सरासरी एकशे अडतीस ग्रॅम निघाली. जास्तीत जास्त एकशे नव्वद. तेवढ्यासाठी नाश्ता, दोन जेवणं आणि चहा असं पूर्ण पॅकेज घेण्यात अर्थ नव्हता. दोन पॅकेजं, आई आणि मी, आणि तिसरी व्यक्ती नुसती खोलीत. बाबांचं मऊ जेवण मी खोलीत करणार होते, आणि हॉलमध्ये ते आमच्या शेजारी बसून आमच्या ताटातलं हवं ते चाखणार होते. मी फोन करून विचारलंही. "हो हो, बसू शकतात ना," पलीकडची मुलगी म्हणाली. मी शीटमध्ये त्या रकान्याला हिरवा रंग दिला.

बाबांनी वापरलेला शब्द मला आठवत होता. धरलेली. पण मला वाटलं, जेवण समोर असणं आणि जेवण धरलेलं असणं यात फरक तो काय.

आम्ही बाराच्या सुमाराला पोहोचलो. काउंटरवरच्या मुलीने प्रत्येकाच्या मनगटाला प्लास्टिकचा बँड बांधला. टक् आवाज करून तो बसायचा. "कापल्याशिवाय निघत नाही हं," ती म्हणाली. आईला केशरी, मला केशरी, बाबांना पांढरा.

बाबांनी हात उलटापालटा करून पाहिला. "माझा पांढरा का?"

"असतं काहीतरी त्यांचं," मी म्हणाले. "चला, भूक लागली."

जेवणाच्या हॉलला पुढून सगळी काच होती. बाबा काचेशी थांबले आणि टेबलांची रांग डावीकडून उजवीकडे वाचावी तशी पाहू लागले. त्यांचे डोळे किती तरी दिवसांनी तसे चमकले होते.

"बघ," ते म्हणाले. "ब्रेड पहिला. मग सूप. मग बटाटा."

"मग?"

"पोट इथेच भरतं. मासळी शेवटी. तिथे माणूस उभा. तो वाढणार." त्यांनी श्वास घेतला. "आणि ताटं बघ. केवढीशी."

"लबाड आहेत," आई म्हणाली.

"लबाड नाही. हुशार." हे म्हणताना ते चक्क हसले.

दारात एक उंच टेबल होतं आणि त्यामागे यादी घेऊन एक मध्यमवयीन माणूस उभा होता. त्याने आईचा बँड पाहिला, माझा पाहिला, यादीत दोन खुणा केल्या. मग बाबांचा हात पाहिला आणि आवाज मुद्दाम खाली आणला.

"आजोबा बसू शकतात, मॅडम. फक्त यांचं ताट नाहीये."

बाबा ज्या जागी उभे होते तिथेच उभे राहिले. त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. त्यांनी यादी पाहिली. उलट्या बाजूनेच, पण एकतीस वर्षं याद्या वाचलेला माणूस तो. आमच्या खोलीच्या नंबरापुढे दोनचा आकडा होता.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही बसा ना आमच्याबरोबर. माझ्यातलं घ्या."

"ताट नाही त्याने बसायचं नसतं. जागा अडते."

ते वळले आणि व्हरांड्यातल्या बाकावर, तळ्याकडे तोंड करून बसले. मी मागे गेले. त्यांनी हाताने 'जा, जेव' अशी खूण केली. मेसमध्ये मागे रेंगाळणाऱ्या पोरांना करायचे, तीच खूण.

आई आत गेली, पण जेवली नाही. तिने कस्टर्डचं छोटं भांडं रुमालात गुंडाळलं, पर्समध्ये ठेवलं आणि बाकाकडे गेली. मी काचेतून पाहत होते. बाबांनी भांडं पाहिलं, पर्स पाहिली. मग दोन्ही हातांनी पर्स बंद केली आणि तिच्या मांडीवर ठेवली. आवाज मला ऐकू आला नाही, पण शब्द ओळखू आला. तो शब्द मी त्यांच्या तोंडी लहानपणापासून पाहत आले होते. चोरी.

आई परत आली ती थेट माझ्यासमोर बसली.

"तू शाळेतून मेसमध्ये यायचीस, आठवतं?"

"हो."

"जेवायचीस किती?"

"दोन घास. मग तुझ्याकडे घरी येऊन."

"दोन घास. पण त्या पटात शेवटची ओळ तुझ्या नावाची होती. रोज टिंब. महिन्याचे पैसे ह्यांच्या पगारातून कापून जायचे, पूर्ण ताटाचे. मी भांडायचे. म्हटलं, पोरगी चिमणीएवढं खाते, आपल्याच झाकणातलं द्या की दोन घास. तर म्हणाले, 'ती कुणाच्या ताटातलं खाणार नाही. तिचं ताट धरलेलं आहे.'" आईने चमचा उचलला आणि परत ठेवला. "आठ वर्षं धरलं. आणि तुला चार दिवस जड झाले."

मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, मेस बाबांचीच आहे, म्हणून मला मिळतं.

दुपारी हॉल बंद झाल्यावर मी बाहेर आले, तर दारावरचा तो माणूस बाबांशेजारी बाकावर बसला होता आणि दोघं हसत होते.

"शंभर माणसं भरली तर धरता किती?" बाबा विचारत होते.

"ऐंशी."

"आम्ही पंच्याण्णव. पोरं भुकेली असतात."

"आमच्याकडे म्हातारी जास्त. पैसे भरतात आणि फळं खाऊन झोपतात." मग त्याने जीभ चावली. "म्हणजे, तुम्हाला नाही म्हणालो."

"म्हण की. न जेवणाऱ्यांवरच चालते मेस."

"आजोबा, तुम्ही आमच्यातलेच की हो!"

"होतो," बाबा म्हणाले.

तो माणूस उठून गेला. मी बाकासमोर जमिनीवरच बसले. "बाबा, मी पॅकेज बदलून घेते. आत्ता जाते."

"का? हिशेब चुकला?"

"नाही."

"मग?"

मी काउंटरकडे जायला उठू लागले.

"मीही तपासला," ते म्हणाले. मध्ये थांबले, थुंकी गिळायला त्यांना दोन प्रयत्न लागले. "बरोबर आहे, काटा. जो जेवणार नाही, त्याचं धरायचं नाही. मीच शिकवलं."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी रडून, पाया पडून, काहीतरी करून तो खोडून काढला असता. ते खरोखर माझा हिशेब तपासून, खाली सही करून परत देत होते.

काउंटरवर मी तिसरं पॅकेज घेतलं. ते दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यापासून लागू होणार होतं. पांढरा बँड कापला, केशरी बांधला, टक्. बाबांनी लहान मूल इंजेक्शनला हात देतं तसा हात पुढे केला. संध्याकाळी मी खोलीत त्यांच्यासाठी बटाटा कुस्करला. त्यांनी सहा अर्धे चमचे घेतले. मी मोजायचं नाही असं ठरवूनही मोजले.

सकाळी दारावरच्या माणसाने खूण केली आणि मोठ्याने म्हणाला, "या आजोबा, तीन!" बाबांनी मान हलवली. खिडकीजवळच्या टेबलाशी ते ताठ बसले, मांडीवर रुमाल. मी त्यांना उठू दिलं नाही. एका वेटरला सांगितलं, त्यानेच येऊन वाढलं. दही, पिकलेलं केळं कुस्करून, मऊ अंडं. मी पावडर घातलेलं पाणी शेजारी ठेवलं. सगळं त्यांनी सांगितलं होतं तसं होतं. ते बसलेले, दुसरा वाढणारा, ताट धरलेलं.

पहिला चमचा गेला. दुसरा गेला. "छान आहे," ते म्हणाले, वाढणाऱ्याला. तो खूश झाला आणि त्याने आपण होऊन संत्र्याचा रस पेल्यात ओतला, पातळ, गार. बाबांनी पेला उचलला. त्याला नको म्हणणं त्यांच्याने होईना. वाढप्याने मनापासून वाढलेलं नाकारू नये, हे ते पोरांना सांगत आले होते. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होते. मी "बाबा, तो नको" म्हणेपर्यंत घोट गेला होता.

खोकला अकरा मिनिटं चालला. चेहरा आधी लाल, मग जांभळा, मग राखाडी. आई पाठ चोळत होती, मी त्यांना पुढे वाकवून धरलं होतं, रस आणि दही टेबलावर, रुमालावर, माझ्या बाहीवर. हॉलमधले सगळे चमचे थांबले होते. शेजारच्या टेबलावरच्या एका बाईने आपल्या मुलाचं तोंड दुसरीकडे वळवलं. वाढणारा हात जोडून उभा होता आणि म्हणत होता, "माझं चुकलं, माझं चुकलं." श्वास परत आला तेव्हा बाबांनी पहिलं काम केलं ते असं, की त्याचा हात थोपटला.

त्यानंतर ते हॉलमध्ये आले, प्रत्येक जेवणाला आले, खूण करवून घेतली, बसले. चमचा उचलला नाही. सूप समोर गार होऊ दिलं. "घ्या ना अहो, थोडं," आई म्हणायची. "पैसे भरलेत."

"भरलेत ना? मग झालं. मेस चालू दे."

चौथ्या दिवशी निघताना ते दारावरच्या माणसापाशी थांबले. "उद्यापासून आमची तीन काढ."

"काढली, आजोबा. पुढच्या वर्षी परत धरतो."

बाबांनी त्याच्या पेनाकडे पाहिलं. "एक रेघ मार," ते म्हणाले. तो हसला. त्याला तो विनोद वाटला. मी डिकीत सामान भरत राहिले.

परत आल्यावर डॉक्टर बाईंनी श्वास मोजायच्या यंत्रात फुंकायला लावलं. त्रेपन्न. "याच आठवड्यात करू. शुक्रवार?"

"नको," बाबा म्हणाले.

"नको म्हणजे पुढचा सोमवार?"

"नको म्हणजे नको."

मी बोलू लागले. मी तयारी करून गेले होते. नळीने सरासरी किती महिने वाढतात, किती जणांचं वजन टिकतं, गुंतागुंत किती टक्क्यांत होते, सगळं पाठ होतं. ते शांतपणे ऐकत होते. माझे आकडे संपल्यावर म्हणाले, "काटा, तो जेवणार आहे का? नळीवाला?"

"जेवण पोटात जाईल, बाबा."

"ते कोठीत पोतं टाकणं. मी विचारतोय, जेवणार आहे का?"

"नाही."

"मग कशाला धरतेस?"

"तुम्ही कबूल केलं होतं!" मी ओरडले. बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली. "चार दिवस जेवीन आणि मग लावू, असं म्हणाला होतात."

"चार दिवस जेवलो का?"

डॉक्टर बाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं असेल, रुग्ण घाबरला आहे. त्यांनी समुपदेशकाचा नंबर दिला. बाबा समुपदेशकाकडे दोनदा गेले, दोन्ही वेळा त्यांना मेसच्या गमती सांगून आले. सहा आठवड्यांनी ताकद चव्वेचाळीसवर आली. त्यानंतर कुणी विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी स्वतःला बरंच काही सांगून पाहिलं आहे. पहिल्याच दुपारी केशरी बँड असता, तरी रसाचा तो पेला आलाच असता. तो खोकला माझ्या शीटमुळे आला नाही. हे खरं आहे. आणि हेही खरं आहे की त्या दुपारी काचेपाशी ते हसले होते, आणि त्या हसण्यापासून दारापर्यंत सात पावलं होती. ती सात पावलं ते जेवायला निघालेला माणूस म्हणून चालले. पुढे कधी तसे चालले नाहीत. प्रयोगात एकच गोष्ट बदलून दोन्ही निकाल पाहता येतात. इथे एकच बाबा होते.

बँड त्यांनी कापू दिला नाही. पहिल्या दिवशी त्यात माझं एक बोट जायचं. आता चार जातात, आणि हात वर केला की तो कोपरापर्यंत घसरतो.

दिवसातून पाच-सहा वेळा आई त्यांना अर्धा अर्धा चमचा काहीतरी देते, पलंगावरच. पण दुपारी एक वाजता आणि रात्री आठ वाजता ते खुर्चीवर बसून टेबलाशी येतात, आमच्याबरोबर. आई तीन ताटं मांडायची. ते बोट दाखवून म्हणायचे, "दोन." आई तिसरं उचलून ठेवायची. हे रोज व्हायचं. मला त्याचा राग यायचा आणि आधारही वाटायचा, कारण रोज निदान एकदा, अर्ध्या मिनिटापुरतं, तिसरं ताट टेबलावर असायचं. हल्ली त्यांना 'दोन' म्हणायलाही जमत नाही. दोन बोटं दाखवतात.

काल त्यांनी बोटं दाखवण्याआधीच आईने दोनच ताटं काढली.

मी पाहिलं. आपण काय केलं हे आईला कळलं नव्हतं, ती पाण्याचा तांब्या भरत होती. बाबांनी टेबलाकडे पाहिलं, एक, दोन, आणि हळूच मान हलवली. मेसमध्ये संध्याकाळी टिंबं आणि ताटं जुळली की हलवायचे, तशी.